न नेलेली पाटी

माझं चष्म्यांचं दुकान आणि पाटीवाल्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तीही नावालाच. पलीकडे छिन्नी चालू असेपर्यंत टकटक ऐकू येते आणि थांबली की मला कळतं, गिऱ्हाईक आलं. मग थोड्या वेळाने ठरलेला प्रश्न ऐकू येतो, "आमच्या आडनावाचं कुणी आहे का हो ओळखीचं?"

लोक पाटी करून घ्यायला यायचे, दाराला लावायची पितळी पाटी, आणि हा माणूस उलट त्यांचीच चौकशी करायचा. बहुतेक जण मान हलवायचे. एखादा चेष्टेखोर म्हणायचा, "असलं आडनाव आम्ही जन्मात ऐकलं नाही. घरी बनवलंत का?" पाटीवाले हसायचे आणि पुन्हा छिन्नी उचलायचे. माझा मात्र तिळपापड व्हायचा. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. ते वापरायचा हक्क नक्की कुणाचा, हे ठरवणंच पुढे कठीण होऊन बसलं.

पाटीवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आई ते लहान असतानाच गेली आणि वडिलांनी एकट्याने वाढवलं. ते वडीलही पाट्याच कोरायचे. दुसऱ्या कुठल्या तरी गावी काम शिकून इथे आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं. बोलायचे फार कमी. पाटीवाले सांगतात, "बाबांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा पितळेत अक्षर काढणं सोपं होतं."

या दुकानाचा एक नियम आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. करून घेतलेली पाटी न्यायला गिऱ्हाईक आलंच नाही, तर ती मोडायची नाही, उलटवून तिच्या पाठीवर दुसरं नाव कोरायचं नाही. आतल्या भिंतीवर खिळे आहेत. तिथे या न नेलेल्या पाट्या दोरीत बांधून टांगलेल्या असतात. कुणाचा घराचा व्यवहार फिसकटला, कुणाचं लग्न मोडलं, कुणी गाव सोडलं. कुणी गेलेही असतील. मी एकदा म्हटलं, "मेलेल्या माणसाची पाटी कशाला सांभाळताय?"

"तो मेला असं मला कुणी येऊन सांगितलंय का?" ते म्हणाले. "नाव कोरलं की ते त्याचं. तो येईपर्यंत आपण राखणदार."

या पाट्या दोरीत बांधायचं कारण त्यांना भोकं नसतात. स्क्रूची दोन भोकं पाडायची ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, त्याचं दार बघून. दार पाहिल्याशिवाय भोक नाही, हाही नियमच. नको तिथे शिस्त पाळणारी माणसं असतात, त्यातले हे.

त्यांच्या स्वतःच्या घराला, म्हणजे दुकानामागच्या जिन्याने वर गेलं की लागणाऱ्या दोन खोल्यांना, एक जुनी पाटी होती. नुसतं आडनाव, बाकी काही नाही. अक्षर असं की चष्मा नसलेल्यालाही दिसावं आणि चष्मा असलेल्याने तो काढून पुसून पुन्हा बघावं. भोकं मात्र दळभद्री. एक वर सरकलेलं, दुसरं पार कडेला टेकलेलं, आणि त्याच्या शेजारी हत्यार घसरल्याचा ओरखडा.

"हा बाबांचा हात नाही," पाटीवाले मला पहिल्यांदा ती पाटी दाखवताना म्हणाले होते. "बाबांचं अक्षर मी ओळखतो. हा त्यांच्याही आधीचा, आजोबांचा. आणि आजोबा डावखुरे होते."

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"कुठे! पण ही रेघ बघा, कशी उतरलीय. डाव्या हाताशिवाय उतरत नाही अशी. आणि तापट असणार म्हातारा. अक्षर झालं की संपला त्याचा उत्साह. भोकं काय, कशीही."

मी विचारलं, वडिलांनी सांगितलं का हे? तर नाही. लहानपणी त्यांनी विचारलं होतं, ही आजोबांनी केली ना? वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, कामाला लागले. पोराने ते हो धरलं. तेव्हापासून एका पाटीवरून त्यांनी अख्खा आजोबा उभा केला होता. काम बिघडलं की स्वतःशीच म्हणायचे, "म्हाताऱ्याने कान उपटला असता." एखादं अक्षर मनासारखं उतरलं की मला भिंतीवर टकटक करून बोलवायचे आणि म्हणायचे, "खाण तशी माती!" तिसऱ्या पिढीचा कारागीर म्हणून त्यांना फार अभिमान होता. दुसऱ्या कसलाच नव्हता.

मग ते आजारी पडले. छातीत कफ दाटला आणि शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने विचारलं, घरचं कोण आहे, कुणाला कळवायचं? हे म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात सांगा." मला फोन आला तेव्हा मी एका बाईचा नंबर काढत होते. तिला तशीच बसवून मी धावले. वाटेत त्यांच्यावर चिडले आणि तिथे पोहोचून रडले. माणसाच्या घरचं म्हणून सांगायला शेजारच्या दुकानापलीकडे कुणी नसावं, याचा मला राग आला होता.

बरे होऊन आल्यावर ते एकदा म्हणाले, "बाई, मी गेलो की ती घरची पाटी कोण नेणार?"

"मी नेईन."

"तुमचं आडनाव वेगळं. तुमच्या दाराला ती लावून काय उपयोग? आमच्यातला कुणीतरी पाहिजे. एकच माणूस मिळाला तरी बस. कुठेतरी असेलच की. आजोबा काय आभाळातून पडले?"

माझ्याकडे एक गिऱ्हाईक बाई यायची. तिने थुंकीवरून घराणं शोधायची तपासणी करून घेतली होती, डीएनएची. तिला दूरदूरचे नातेवाईक सापडले होते आणि त्यातल्या निम्म्यांशी तिचं भांडणही होऊन गेलं होतं. मी पाटीवाल्यांना सांगितलं. आधी त्यांनी मला वेड्यात काढलं. मग स्वतःच विचारायला लागले, कधी मागवताय?

डबीत एक नळी आली. त्यात रेघेपर्यंत थुंकायचं आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. पाटीवाल्यांचं तोंड नेमकं कोरडं पडलं. नळी धरून ते माझ्या दुकानात बसले, लिंबाची आठवण काढत. म्हणाले, "लोक नातेवाईकांवर थुंकतात. मला नातेवाईकांसाठी थुंकावं लागतंय." शेवटी रेघ गाठली. डबी पाठवली. मग रोज विचारणं सुरू, आलं का काही?

आलं ते माझ्या फोनवर, कारण त्यांचा फोन फक्त वाजतो. रंगीत नकाशा होता. या भागातले इतके टक्के, त्या भागातले तितके. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली घेतला.

"आडनाव कुठाय?"

"कसलं आडनाव?"

"आमचं. ते कुठून आलं, मूळचं कुणाचं, ते लिहिलेलं असेल ना?"

आता काय सांगायचं? "थुंकीत आडनाव नसतं हो," मी म्हटलं. "ते आपण वरून चिकटवलेलं. रक्तात फक्त माणसं."

त्यांना ते पटलं नाही. एवढा खटाटोप करून हाती टक्केवारी आली म्हणून ते माझ्यावरच रुसले. नातेवाईकांची नावं होती, पण सगळी इतकी लांबची की त्यांच्यापेक्षा आमचा दूधवाला जवळचा. त्यात त्यांच्या आडनावाचं एकही नव्हतं. विषय संपला. टकटक पुन्हा सुरू झाली, आणि गिऱ्हाइकांना तो प्रश्नही.

कितीतरी महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला. जवळचं नातं जुळलंय म्हणे. एका बाईचं नाव आणि पुढे 'कझिन'. मी भिंतीवर मूठ आपटली. ते छिन्नी हातात घेऊनच आले.

"कझिन म्हणजे चुलत, आते, मामे की मावस?"

"तेवढं त्यांना कळत नाही. एकाच शब्दात चौघांना कोंबलंय."

"हा काय धेडगुजरी कारभार! चुलत असेल तर आमच्याच आडनावाची असेल." मी त्यांच्या हातातली छिन्नी काढून बाजूला ठेवली. "विचारा, बाई. लगेच विचारा."

मी विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि त्यात उलटा प्रश्न: तुमचे वडील दारावरच्या पाट्या करायचे का? ते पाटीवाल्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग निरोप गेले-आले. तिची आई म्हणजे यांच्या वडिलांची धाकटी बहीण. म्हणजे ही आतेबहीण. चुलत नाही म्हणून ते क्षणभर हिरमुसले. पण आतेबहीण ती आतेबहीण, तिच्या आईच्या माहेरचं आडनाव तर आपलंच की. ती भेटायला येते म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. दोन खोल्या धुतल्या, नवे कप आणले, पाटीला असं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसावं. मला बोलावून घेतलं, कारण एकट्याला भीती वाटत होती. "आतेबहिणीशी पहिलं काय बोलायचं असतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रवास कसा झाला, हे विचारा. ते दहा वेळा घोकत होते. माणूस साठीच्या पुढचा, आणि कपाळावर पहिल्या दिवशी शाळेत निघालेल्या पोराचा घाम.

पावलं वाजली. जिना चढून ती आली. ठेंगणी, गोरटेली, बोलकी, डोळ्यांवर जाड चष्मा. पाटीवाल्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी तिची नजर दाराकडे गेली. ती पाटीपाशी नाक नेऊन वाचायला लागली आणि एकदम खळखळून हसली.

"अगंबाई! हीच का ती पाटी? आई सांगायची ती?"

"आजोबांनी केलेली," पाटीवाले म्हणाले. घोकलेलं सगळं विसरून.

"कुठल्या आजोबांनी? आपले आजोबा मालाच्या गाड्या हाकायचे, दादा. त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. ती बसली, पाणी प्यायली आणि सांगायला लागली. वाईट बाई नव्हती, हे सांगायला हवं. तिला ती घरातली जुनी गंमत वाटत होती. लहानपणापासून ऐकलेली.

तिच्या मामाला, म्हणजे पाटीवाल्यांच्या वडिलांना, मिसरूडही फुटायच्या आत आजोबांनी चारचौघांत चाबकाने मारलं होतं. त्याच दिवशी तो घरातून निघाला. तुमचं नावसुद्धा लावणार नाही, असं बजावून. दुसऱ्या गावी एका पाट्या कोरणाऱ्या उस्तादाकडे कामाला राहिला. पुढे भाड्याने खोली घ्यायची वेळ आली, तेव्हा मालकीण आडनाव विचारायला लागली आणि हा सांगेना. उस्तादाने भिंतीवरच्या न नेलेल्या पाट्यांतून एक काढून त्याच्या हातात दिली. "आई सांगायची, तो उस्ताद म्हणाला, हे घे. तयारच आहे, कधीचं कुणी नेलेलं नाही. याखाली राहा." ती हसत होती. "मामाने भिंतीवरचं आडनाव उचललं, असं आई म्हणायची. एकदा भेटायला आला होता तो. आजोबांना नवं नाव कळलं तसं त्यांनी दार लावून घेतलं. परत कधी आला नाही."

पाटीवाल्यांनी विचारलं, "तो उस्ताद डावखुरा होता का?"

"ते बाई मला कसं माहीत असणार?"

मग ती ज्या कामासाठी आली होती, त्याकडे वळली. तिच्या आईची नजर उतारवयात गेली होती. हिचीही बाजूने कमी होत चालली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, घराण्यात आणखी कुणाला आहे का? म्हणून तिने ती तपासणी केली होती. मामाची नजर कशी होती?

"चांगली होती. शेवटपर्यंत बारीक काम करायचे," पाटीवाले म्हणाले.

"आणि तुमची?"

"माझीही बरी आहे. या बाई तपासतात."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिचं काम तेवढंच होतं. चहा घेतला, घर छान ठेवलंय म्हणाली, मुलांना घेऊन येते म्हणाली. गाडीची वेळ झाली होती. जाताना दारात थांबून तिने पाटीवरून एकदा बोट फिरवलं, पुन्हा हसली आणि जिना उतरली. "फोन करते हं, दादा!" खालून तिचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पलीकडून टकटक ऐकू येईना. मी गेले. घरची पाटी त्यांच्यासमोर टेबलावर पडली होती आणि ते भिंगातून भोकं बघत होते.

"बघा," ते म्हणाले, "हा ओरखडा. शिकाऊ हाताचा आहे. अक्षर कोरणाऱ्याचा हात इतका घसरत नाही. मी आयुष्यभर आजोबांना नावं ठेवली, भोकं पाडायचा कंटाळा म्हणून. बाबांनी पाडलीत ही. पहिल्यांदाच पाडत असणार. उस्तादाने दिली पाटी, आणि हे गेले मालकिणीच्या दारात एकटेच." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "या पाटीवर आमचं काय असेल तर ही दोन भोकं."

मी काहीतरी समजूत घालायला गेले. म्हटलं, आडनाव काय, सगळ्यांचंच कुणीतरी कधीतरी उचललेलं असतं. आजोबांचं खरं आडनाव आता तिच्याकडून कळेल, त्याची पाटी करा.

"त्यांनी दार लावून घेतलं होतं, बाई. त्या नावाची पाटी मी माझ्या दाराला कशी लावू?" मग पाटी उलटी करून ठेवत ते म्हणाले, "मला फार एकटं वाटतंय. म्हणजे एकटा तर आधीही होतो. पण आधी आजोबा होते."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले, आणि बाहेर माझं गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं.

फोन काही आला नाही. एकदा माझ्या आग्रहाने त्यांनीच केला. ती गोड बोलली. डॉक्टरांनी थेंब दिलेत, मुलाची परीक्षा आहे, मग बघू. ते फोन ठेवून म्हणाले, "चांगली आहे हो. तिचं तिला भरपूर आहे." तिला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं, पण खरं तर तिचंही काही चुकलं नव्हतं. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. यांना माणूस हवा होता.

काही दिवसांनी त्यांच्या दुकानात गेले तर आतल्या भिंतीवर न नेलेल्या पाट्यांच्या रांगेत ती टांगलेली. बाकीच्या दोरीत, ही भोकातूनच खिळ्याला. गिऱ्हाईक म्हणून आलेला एक वकील तिच्याकडे बघत होता. "काय सुरेख अक्षर आहे! ही कुणाची?"

"गिऱ्हाईक यायचंय," पाटीवाले म्हणाले.

त्यांनी त्याला तो जुना प्रश्न विचारला नाही. त्यानंतर कुणालाच नाही. भिंतीपलीकडून आता फक्त छिन्नी ऐकू येते, आणि ती थांबली की मी उगाच कान देऊन बसते.

परवा जिन्यातली सगळी दारं रंगवायला रंगारी आला. मी वर चहा घेऊन गेले होते. त्याने यांचं दार घासून साफ केलं. जुनी पाटी जिथे होती तिथे स्क्रूची दोन भोकं राहिली होती. एक वर सरकलेलं, एक कडेला, जशी पाटीची तशीच. त्याने पुट्टी कालवली आणि पत्र्यावर घेऊन पुढे केली.

"बुजवून टाकतो, काका. पाटी तर काढलीच आहे."

पाटीवाल्यांनी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"भोकांना हात लावू नकोस," ते म्हणाले. "ती आमची आहेत."